संकेतस्थळाचा क्रमांक आणि दाराशी आलेला रुग्ण

गेल्या काही वर्षांत व्यवसायबंधूंच्या भेटीगाठींत एक नवा प्रश्न कानी पडू लागला आहे. पूर्वी "सध्या रुग्णसंख्या कशी आहे?" असे विचारले जाई, आता "गूगलवर कितव्या क्रमांकावर येता?" असे विचारले जाते. हा प्रश्न आम्हांलाही अनेकदा विचारला गेला आणि आम्ही त्याचे उत्तर मोठ्या अभिमानाने दिले, हे प्रारंभीच कबूल करणे योग्य होईल. 'भगंदर' हा शब्द मराठीत लिहून शोध घेतल्यास आमच्या साताऱ्यातील चिकित्सालयाचे संकेतस्थळ पहिल्या पानावर दिसत असे. ते तसे दिसावे म्हणून आम्ही एका संस्थेला दरमहा शुल्क देत होतो आणि ती संस्था महिन्याच्या आरंभी रंगीत आलेखांचा अहवाल पाठवीत असे. आलेखातील रेघ चढलेली पाहून आमचे समाधान होई. बी.ए.एम.एस. होऊन दोन दशके उलटलेल्या वैद्यास संगणकातील काही कळत नसले तरी चढती रेघ कळतेच.

हे समाधान ज्या दिवशी संपले, तो दिवस सांगितल्यावाचून पुढील विवेचनास अर्थ नाही.

२०२२ च्या पावसाळ्यात कोरेगाव तालुक्यातील एक पन्नाशीचे शेतकरी गृहस्थ मुलासह आमच्याकडे आले. गुदभागी पूयस्राव, बसताना असह्य वेदना, मधून मधून ज्वर. आमच्याकडे दर गुरुवारी शल्यतंत्राचे पदव्युत्तर सहकारी येतात. त्यांनी परीक्षण केले. भगंदर स्पष्ट होता, बाह्य मुखे दोन होती आणि सभोवतालची त्वचा काळवंडून कठीण झालेली होती. पूर्ववृत्त विचारता असे कळले की, बाजाराच्या दिवशी येणाऱ्या एका नोंदणी नसलेल्या इसमाने तेथे तीन वेळा सुई टोचून काही द्रव्य सोडले होते. "अहो, आधीच इकडे का आला नाहीत?" असे आम्ही काहीशा रागाने विचारले. मुलाने खिशातून मोबाईल काढून आमच्यापुढे धरला. त्यावर आमचाच लेख उघडलेला होता.

"डॉक्टर, तुमचंच वाचलं होतं. तीन दिवस फोन लावला. लागलाच नाही. बाबा म्हणाले, दवाखाना बंद पडला असंल."

तो क्रमांक आमच्या जुन्या दूरध्वनीचा होता. २०२० च्या टाळेबंदीत चिकित्सालय काही काळ बंद असताना आम्ही तो परत केला होता. नवा क्रमांक फलकावर आला, औषधाच्या चिठ्ठीवर आला, शिक्क्यावरही आला. संकेतस्थळावर मात्र तो माथ्यावरील चित्रातच कोरलेला असल्याने कोणाच्या ध्यानात आला नाही. दरमहाच्या अहवालात क्रमांकाचा आलेख होता, भेट देणाऱ्यांची संख्या होती, कोणत्या शब्दावरून किती जण आले याचे कोष्टक होते. दूरध्वनी लागतो की नाही याचा रकाना नव्हता. दोष त्या संस्थेचा म्हणावा तर आम्ही स्वतःही दोन वर्षांत एकदाही आपल्याच संकेतस्थळावरून आपल्याच चिकित्सालयात दूरध्वनी करून पाहिला नव्हता.

त्या गृहस्थांची चिकित्सा लांबली. आधी व्रणशोथ शमविणे, मग क्षारसूत्र, मग दर आठवड्याला सूत्र बदलण्यासाठी साताऱ्याची खेप. त्या वर्षी घेवड्याची काढणी त्यांना मजुरांवर सोपवावी लागली. आधी आले असते तर चिकित्सा किती सोपी झाली असती, याची चर्चा आम्ही त्यांच्यासमोर केली नाही. आपापसांत मात्र केली.

आता मूळ विषयाकडे वळू. शोधयंत्रातील क्रमांक म्हणजे काय, हे थोडक्यात समजून घेणे आवश्यक आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील लॅरी पेज व सर्गेई ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनी १९९८ मध्ये गूगलची स्थापना केली. एखाद्या पानाकडे अन्य किती पाने व कशा दर्जाची पाने निर्देश करतात, यावरून त्या पानाचे महत्त्व ठरवावे, ही त्यांची मूळ कल्पना. आपल्याकडे 'अमुक वैद्यांकडे जा' असे दहा जाणत्या लोकांनी सांगितले म्हणजे त्या वैद्याचे नाव होते, तसाच हा प्रकार. परंतु शिफारशीला किंमत आली की शिफारशी विकत मिळू लागतात. तसेच झाले. मग गूगलने २०११ मध्ये निकृष्ट मजकुराच्या पानांना आणि २०१२ मध्ये विकतचे निर्देश गोळा करणाऱ्यांना मागे ढकलणारे फेरबदल केले. ऑगस्ट २०१८ च्या फेरबदलात आरोग्यविषयक अनेक संकेतस्थळांचे क्रमांक मोठ्या प्रमाणात वरखाली झाले. २०२४ पासून तर भारतातही काही प्रश्नांवर गूगल स्वतःच कृत्रिम बुद्धिमत्तेने रचलेले उत्तर पानाच्या माथ्यावर देऊ लागले आहे. ते वाचून शोधकर्त्याचे समाधान झाले, तर खालच्या पहिल्या क्रमांकावर बोट ठेवण्याचेही त्यास कारण उरत नाही. म्हणजे जो क्रमांक मिळविण्यासाठी आपण वर्षानुवर्षे द्रव्य वेचावे, तो परक्याच्या हाती आहे आणि तो केव्हा हलेल याची पूर्वसूचना मिळेलच असे नाही.

शिवाय हा क्रमांक सर्वांना एकच दिसत नाही. शोध घेणारा कोठे आहे यावर तो बदलतो. जवळच्या चिकित्सालयांची जी यादी नकाशासह दिसते, ती विचारलेल्या गोष्टीशी असलेली सुसंगती, अंतर आणि ख्याती या तीन गोष्टींवर लावली जाते, असे गूगलच सांगते. आपण आपल्या चिकित्सालयात बसून आपलेच नाव शोधावे आणि ते पहिले दिसले म्हणून हुरळून जावे, यात फारसा अर्थ नाही. आम्ही हे बराच काळ करीत होतो.

मात्राशितीय अध्यायाचे अध्ययन केलेल्या वाचकांस अधिक सांगणे नको. आहाराची मात्रा अग्निबलावर अवलंबून असते. अग्नी मंद असता आहार वाढविला तर धातूंचे पोषण न होता आमच वाढतो. संकेतस्थळास भेट देणारे लोक हा आहार मानला, तर त्यांच्यापैकी जे दूरध्वनी करतात, वेळ ठरवितात, प्रत्यक्ष येतात, ते पचन होय. या व्यवसायातील मंडळी त्यास 'कन्व्हर्जन' म्हणतात. समजा, महिन्यास १,००० जण संकेतस्थळ पाहतात आणि त्यांपैकी ५ जण दूरध्वनी करतात. द्रव्य खर्चून पाहणारे २,००० केले तर दूरध्वनी १० होतील. तेच पाहणारे १,००० च ठेवून अडथळे काढले आणि २० जणांनी दूरध्वनी केला, तर खर्च कमी आणि फल दुप्पट. गणित इतके सोपे आहे की ते आपल्यास कोणी सांगत नाही याचेच नवल वाटते. अर्थात, क्रमांक विकणाऱ्याने ते सांगावे अशी अपेक्षा तरी का धरावी?

आमच्या संकेतस्थळावरील आमाचे उत्तम उदाहरण म्हणजे 'आपली प्रकृती ओळखा' ही प्रश्नावली. त्वचा कशी, झोप कशी, चाल कशी, स्वप्ने कोणती, अशा प्रश्नांची उत्तरे भरली की वात-पित्त-कफाचे प्रमाण टक्क्यांत मिळे. हे टक्के आम्हांस स्वतःलाही पटत नव्हते. पण पाहणाऱ्यांची झुंबड या पानावर असे. मुंबई-पुण्यापासून न्यू जर्सीतील मराठी मंडळींपर्यंत लोक प्रकृती ओळखत आणि निघून जात. आलेखातील चढत्या रेघेचा मोठा भाग या पानाचा होता. त्या पानावरून चिकित्सालयात आलेला एकही रुग्ण आमच्या स्मरणात नाही. ती प्रश्नावली आम्ही काढून टाकली. रेघ घसरली, संस्थेने चिंता व्यक्त केली, आणि काही महिन्यांनी आम्ही त्या संस्थेचा निरोप घेतला.

त्यानंतर आम्ही जे केले त्यात तांत्रिक असे फार थोडे आहे. प्रथम स्वागतकक्षात एक वही ठेवली. प्रत्येक नव्या रुग्णास "आमच्याकडे कसे आलात?" एवढेच विचारावयाचे आणि उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहावयाचे. गूगलने २००५ पासून दिलेले मोजणीचे साधन आहेच, पण २०२३ मध्ये त्याची जुनी आवृत्ती बंद होऊन नवी आली तेव्हापासून ते आमच्यासारख्यास अधिकच दुर्बोध झाले आहे. वही मात्र ताईंना पहिल्या दिवसापासून जमली. या वहीने पहिल्या दोन महिन्यांतच आमचे अनेक ग्रह दूर केले. सर्वाधिक रुग्ण जुन्या रुग्णांच्या सांगण्यावरूनच येत होते. ज्यांनी 'इंटरनेटवर पाहिले' असे सांगितले, त्यांपैकीही अनेकांनी आमचे नाव आधी कोणाकडून तरी ऐकले होते आणि पत्ता, वेळ व दूरध्वनी यांसाठीच शोध घेतला होता. म्हणजे त्यांच्या दृष्टीने संकेतस्थळ हा ग्रंथ नव्हता. दारावरचा फलक होता.

फलक म्हणून पाहू जाता आमच्या संकेतस्थळाची अवस्था दयनीय होती. उघडताच शिरोधारेचे भले मोठे छायाचित्र दिसे. ते विकतचे होते. तीच गोरी तरुणी, तीच तांब्याची धारा आम्ही नंतर अन्य कितीतरी संकेतस्थळांवर पाहिली. मोबाईलवर ते उमटेपर्यंत माणूस कंटाळून जाई. त्याखाली आयुर्वेदाची व्याख्या, त्याखाली आमच्या पदव्या, त्याखाली अष्टांगांचा परिचय. जो मनुष्य गुदवेदनेने रात्रभर जागला आहे, त्यास अष्टांगे कशाला हवीत? त्यास तीन गोष्टी हव्यात. माझ्या या व्याधीवर येथे उपचार होतो काय, वैद्य केव्हा भेटतील, आणि दूरध्वनी कोणत्या क्रमांकावर करावा.

आता आमच्या पानाच्या माथ्यावर चिकित्सालयाच्या दाराचे रस्त्यावरून काढलेले साधे छायाचित्र आहे. त्याखाली दूरध्वनीचा क्रमांक असा दिला आहे की बोट लावताच दूरध्वनी लागतो. वेळा वारानुसार दिल्या आहेत आणि शल्यतज्ज्ञ गुरुवारीच भेटतात हे ठळकपणे लिहिले आहे. एस.टी. स्थानकाहून कसे यावे, हे दोन वाक्यांत सांगितले आहे. तपासणीचे शुल्क लिहिले आहे. शुल्क लिहू नये, असे आमच्या एका ज्येष्ठ स्नेह्यांचे मत होते. आमचा अनुभव असा की, संकोचापोटी न विचारणारे आणि म्हणूनच न येणारे लोक बरेच असतात.

भाषेसंबंधी थोडे विस्ताराने लिहितो, कारण येथे आपल्या शास्त्राचा अभिमान आडवा येतो. आम्ही पानांना 'अर्श', 'शीतपित्त', 'व्यंग' अशी शीर्षके दिली होती. रुग्ण मूळव्याध शोधतो, अंगावर पित्त उठले म्हणतो, चेहऱ्यावरचे वांग घालवायचे असते. आता तर अनेक जण लिहीतही नाहीत, मोबाईलशी बोलतात. आणि बोलताना कोणी 'अम्लपित्त' म्हणत नाही, 'जळजळ' म्हणतो. चरकाने चिकित्सेच्या चतुष्पादांत रुग्णाच्या गुणांमध्ये ज्ञापकत्व सांगितले आहे, म्हणजे आपली व्यथा सांगता येणे. ते सांगणे तो त्याच्या शब्दांत करणार. प्रश्नपरीक्षेच्या वेळी आपण त्याचेच शब्द घेऊन पुढचा प्रश्न विचारतो. मग पानावरच संस्कृत का? आम्ही शीर्षकांत लोकांचे शब्द घातले आणि शास्त्रीय नाव खालच्या ओळीत ठेवले. यामुळे शोधयंत्रातही काही पाने वर सरकली असे म्हणतात. आम्ही तपासले नाही.

सर्वांत मोठा बदल मात्र संकेतस्थळावर नव्हे, चिकित्सालयात करावा लागला. ताईंच्या मोबाईलवरील न घेतलेल्या दूरध्वनींची नोंद पाहिली तेव्हा असे दिसले की, लोक दुपारी जेवणाच्या सुटीत आणि रात्री नऊनंतर दूरध्वनी करतात. त्या दोन्ही वेळांना आमच्याकडे कोणी नसे. आता दुपारचा दूरध्वनी आळीपाळीने घेतला जातो आणि रात्री आलेल्यांना सकाळी उलट दूरध्वनी केला जातो. व्हॉट्सॲपवरील निरोपांसही हाच नियम आहे. इतका साधा उपाय असूनही तो पाळणे कठीण जाते, हे नमूद केले पाहिजे. सणासुदीला अजूनही चुकते.

नोंदणीचा तक्ता पूर्वी चौदा रकान्यांचा होता. वय, व्यवसाय, व्याधी, कालावधी, चालू औषधे, सारे त्यात होते. आता नाव, दूरध्वनी आणि सोयीची वेळ एवढेच आहे. व्याधीची माहिती प्रत्यक्ष भेटीत विचारावी. कोणाच्या गुप्तव्याधीची नोंद संकेतस्थळावर पडून राहावी आणि ती कोण पाहतो हे आपल्यालाही ठाऊक नसावे, हे वैद्यास शोभत नाही. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदाही २०२३ मध्ये संमत झालेला आहे.

येथे एक धोका सांगितला पाहिजे. पाहणाऱ्याचे रुग्णात रूपांतर करण्याची विद्या व्यापाऱ्यांची आहे आणि तिच्यातील सर्वच उपाय आपल्यास ग्राह्य नाहीत. 'आजच नोंदणी करा, पंचकर्मावर सवलत', उलटे मोजणारे घड्याळ, 'आता केवळ तीन जागा शिल्लक', 'हमखास गुण', बरे झालेल्या रुग्णांची छायाचित्रे, या गोष्टी आम्हांसही सुचविल्या गेल्या होत्या. मधुमेह, कर्करोग यांसारख्या अनेक व्याधींवरील औषधांची जाहिरात १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्याने निषिद्ध आहे, आणि संकेतस्थळावर लिहिले म्हणून ती जाहिरात नव्हे असा समज कोणी करून घेऊ नये. २०२० च्या दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वांनुसार आपला नोंदणी क्रमांक संकेतस्थळावर व औषधाच्या चिठ्ठीवर असणे आवश्यक आहे. तो आम्ही आता आमच्या नावालगत ठेवला आहे. त्यास सवलतीच्या पट्टीपेक्षा अधिक वजन असते, असे वहीतील नोंदी सांगतात. "नंबर होता म्हणून आलो," असे एका निवृत्त शिक्षकांनी ताईंना सांगितले.

किंबहुना काही जणांनी न येणे हेही योग्य रूपांतरच होय. भगंदराच्या पानावर आम्ही आता असे लिहिले आहे की, क्षारसूत्र दर आठवड्याला बदलावे लागते, त्यासाठी प्रत्येक वेळी यावे लागेल, आणि कालावधी नाडीव्रणाच्या लांबीवर अवलंबून असल्याने तो तपासणीपूर्वी सांगता येणार नाही. तीव्र ज्वर, वाढती सूज किंवा पुष्कळ रक्तस्राव असेल तर गुरुवारची वाट न पाहता जवळच्या रुग्णालयात जावे, हेही तेथेच आहे. या ओळी वाचून सोलापूर-नाशिककडचे काही लोक आपल्या जवळच्या क्षारसूत्रतज्ज्ञाची चौकशी करतात, आणि आम्हांस माहीत असेल तर आम्ही ती सांगतो. पूर्वी असे लोक एकदा येत, सूत्र बांधून घेत आणि पुन्हा दिसत नसत. अर्धवट सोडलेली चिकित्सा वैद्याच्या नावावर जमा होते, हे वाचकांस ठाऊकच आहे.

गूगलच्या नकाशावरील आपल्या नोंदीसंबंधी एवढेच सांगतो की, ती विनामूल्य आहे आणि अनेक रुग्ण तेथूनच दूरध्वनी करतात; संकेतस्थळापर्यंत ते पोहोचतही नाहीत. म्हणून वेळा व क्रमांक तेथेही तपासावेत. तेथे कोणी प्रतिकूल अभिप्राय लिहिल्यास उत्तर देताना त्या व्यक्तीच्या व्याधीचा उल्लेख करू नये. राग आला तर दुसऱ्या दिवशी लिहावे.

'भगंदर' या शब्दावर आमचे संकेतस्थळ आता कितव्या पानावर आहे, ते आम्ही बरेच दिवसांत पाहिलेले नाही. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ताई स्वतःच्या घरून, स्वतःच्या मोबाईलवर संकेतस्थळ उघडतात, क्रमांकावर बोट ठेवतात आणि चिकित्सालयातील दूरध्वनी वाजतो की नाही ते पाहतात. कोरेगावचे ते गृहस्थ बरे झाले. मधूनच कोणाला तरी घेऊन येतात.

हा लेख लिहीत असताना फलटणहून एका बाईंचा दूरध्वनी आला. दिवाळीच्या आठवड्यातील गुरुवारी शल्यतज्ज्ञ आहेत का, असे त्यांनी विचारले. ते त्या गुरुवारी नाहीत, आणि ही गोष्ट संकेतस्थळावर लिहिलेली नव्हती. ती ओळ आज दुपारी घातली.